रात्रीचे पाणी, पहाटेचा गारठा

बाग वाचविण्याची आणि जीव जपण्याची वेळ एकच. कळंब परिसरातील बागायतदारांपुढचा हिवाळी पेच

कळंब : डिसेंबर उजाडला, की मांजरा नदीच्या काठावरील मळ्यांत सकाळची पहिली चौकशी पिकाची नसते, थंडीची असते. "काय आबा, रात्री लई गारठा सुटला व्हता का तुमच्याकडं?" असा प्रश्न बांधापलीकडून येतो. उत्तरात आधी कोथिंबिरीच्या वाफ्यावरचे दहिवर येते, मग वांग्याच्या करपलेल्या शेंड्यांची गोष्ट निघते आणि थोड्याच वेळात गाडी आबांच्या गुडघ्यांवर, रक्तदाबाच्या गोळ्यांवर आणि रात्री किती वाजता वीज आली, यावर येऊन थांबते. चहाच्या टपरीवर असो, आठवडी बाजारात माळव्याच्या पाट्यांमागे असो वा आखाड्यावरच्या शेकोटीभोवती असो, हिवाळ्यातील बागायतदारांच्या गप्पांचा क्रम साधारण हाच असतो.

वरवर पाहता हे विषय वेगवेगळे वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ज्या पहाटेच्या गारठ्यात बागेला पाणी देऊन सांभाळावे लागते, असे मानले जाते, तीच पहाट बागायतदाराच्या हृदयाला आणि फुप्फुसांना सर्वांत जड जाते. बाग वाचवायची, की अंग जपायचे, असा हा पेच आहे. मात्र थंडी येते कशी, ती रोपाला काय करते आणि माणसाला काय करते, हे नीट समजून घेतले, तर यांतील बराचसा पेच सुटू शकतो.

निरभ्र आकाशाची करणी

मोसमी पाऊस परतला, की मराठवाड्याचे आकाश स्वच्छ होते. दिवसभर सूर्याने तापविलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. ढग असले, तर ते गोधडीसारखे काम करतात आणि यांतील बरीच उष्णता अडवून परत जमिनीकडे पाठवितात. ढग नसले, तर ती निघून जाते. कळंबच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्र सुमारे १३ तासांची असते. त्यामुळे जमिनीला थंड होण्यासाठी वेळही भरपूर मिळतो. त्यातच हिमालयावरून पश्चिमी चक्रावात पुढे सरकले, की त्यांच्या मागोमाग उत्तरेचे कोरडे, थंड वारे दख्खनच्या पठारापर्यंत पोचतात. मराठवाडा समुद्रापासून दूर असल्याने तापमान सांभाळून धरणारी दमट हवा येथे नसते. दुपारी सदरा काढावासा वाटावा आणि पहाटे घोंगडी पुरू नये, हा येथला हिवाळा त्यामुळेच घडतो.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, तर थंडीची लाट म्हटली जाते. घट साडेसहा अंशांच्या आसपास पोचली, तर ती तीव्र लाट ठरते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाड येथे पारा दोन अंशांच्या खाली उतरला होता आणि द्राक्षबागांत दवबिंदू गोठले होते. त्याच सुमारास परभणीतही दोन-तीन अंशांपर्यंतची थंडी अनुभवास आली होती. अशा रात्री दरवर्षी येत नाहीत. परंतु येतात तेव्हा वर्षाची कमाई धोक्यात घालतात.

याउलट बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, की ऐन हिवाळ्यात आभाळ येते आणि थंडी एका रात्रीत पळते. बागायतदाराला हे उबदार दिवस थंडीपेक्षाही नकोसे वाटतात. ढगाळ, दमट हवेत द्राक्षावर भुरी आणि केवडा, आंब्याच्या मोहरावर तुडतुडे आणि भाजीपाल्यावर मावा वाढतो. "गारठा परवडला, पण आभाळ नको," हे वाक्य म्हणूनच तालुक्यात दर हिवाळ्यात ऐकू येते.

बातमीतला पारा आणि वाफ्यातला पारा

बातम्यांत किमान तापमान ११ अंश सांगितले जाते आणि आपल्या वाफ्यातील रोपे मात्र कोमेजलेली असतात. तेव्हा आकडा चुकला, असे अनेकांना वाटते. तो चुकलेला नसतो. मोजण्याची जागा निराळी असते. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतच्या पानाचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी असू शकते. कोथिंबीर, मेथी, पालक आणि कांद्याचे रोप या थरात वाढते. बातमीतील आकडा त्यांना लागू पडत नाही.

दुसरे कारण जमिनीच्या उताराचे. थंड हवा जड असते. वारा पडलेल्या रात्री ती पाण्याप्रमाणे उताराने वाहत खाली जाते आणि सखल भागात साचते. त्यामुळे बालाघाटाच्या माळावरील शेतापेक्षा मांजरेच्या खोलगटातील मळा पहाटे अधिक गारठतो. दोन्ही शेतांत अंतर एखाद्या कोसाचे असले, तरी फरक दोन-चार अंशांचा पडू शकतो. नदीकाठची जमीन काळी, भारी आणि पाण्याची. म्हणून माळवे तेथेच अधिक घेतले जाते. म्हणजे नाजूक पिके आणि सर्वांत थंड हवा यांची गाठ एकाच जागी पडते. काठावर झाडांची दाट भिंत खालच्या अंगाला उभी केली, तर थंड हवेची वाट अडते आणि ती मळ्यातच तुंबून राहते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. वाऱ्याच्या दिशेला शेवरीचे कुंपण उपयोगी आणि उताराच्या तोंडाला मोकळीक आवश्यक, असा हा हिशेब आहे.

पाणी का द्यायचे आणि केव्हा?

थंडीत बागेला पाणी द्यावे, हा सल्ला जुना आहे आणि योग्यही आहे. विहिरीचे पाणी जमिनीच्या पोटातून येते. जानेवारीच्या पहाटेही ते कोमट लागते, त्यातून वाफा निघताना दिसतात. असे पाणी वाफ्यात सोडले, की ते आपल्याबरोबर ऊब घेऊन येते.

परंतु पाण्याचे खरे काम निराळे आहे. कोरड्या, भुसभुशीत मातीत हवेच्या पोकळ्या असतात. हवा उष्णता नीट वाहून नेत नाही आणि साठवीतही नाही. त्यामुळे कोरड्या जमिनीचा वरचा थर दिवसा तापतो, रात्री लगेच गार होतो. ओल्या जमिनीत दिवसाची उष्णता खोलवर मुरते, तेथे साठते आणि रात्रभर सावकाश वर येत राहते. थोडक्यात, ओली जमीन ही रात्रीसाठी भरून ठेवलेली शेगडी असते आणि ती भरण्याचे काम सूर्य दिवसा करतो.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. थंडी येणार, असा अंदाज असेल, तर त्याआधीच्या दिवशी दुपारपर्यंत हलके पाणी देऊन जमिनीचा वरचा वीतभर थर ओला ठेवला, तर बागेला लागणारे बरेचसे संरक्षण मिळून जाते. पहाटे तीन वाजता उभे राहून दारे धरण्याची गरज ज्या रात्री दव गोठण्याची शक्यता असते, त्याच रात्री उरते. कळंब परिसरात तशा रात्री विरळा. येथे नुकसान बहुधा गोठण्याने होत नाही. आठ-दहा अंशांच्या गारठ्यात वाढ थांबण्याने होते आणि त्यावर दुपारचे पाणीही चालते. पाणी मात्र हलकेच हवे. भारी काळ्या जमिनीत रोज पाणी साचू दिले, तर मुळांना हवा मिळत नाही आणि थंडीपेक्षा मूळकूजच अधिक हानी करते.

शेकोटीचा धूर किती कामाचा?

बागेच्या चारी कोपऱ्यांत पालापाचोळा पेटवून धूर करण्याची पद्धत द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांत रूढ आहे. धुराचे आच्छादन थंडीला अडविते, असा त्यामागचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. धुराचे कण इतके बारीक असतात, की जमिनीतून वर जाणारी उष्णता ते फारशी अडवू शकत नाहीत. शेकोटीचा जो उपयोग होतो, तो तिच्या प्रत्यक्ष उष्णतेचा आणि त्या उष्णतेने हवा ढवळली जाण्याचा असतो. थंड रात्री जमिनीलगत गार आणि थोडी वर उबदार हवा असते. शेकोटीमुळे या दोन थरांची सरमिसळ होते. त्यासाठी एका मोठ्या होळीपेक्षा अनेक लहान शेकोट्या अधिक उपयोगी पडतात. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते.

सकाळी दाट धूर रेंगाळला, तर तो कोवळे ऊन अडवून बाग तापण्यास उशीरच करतो. शिवाय हवेचे हेच उलटे थर धुराला वर जाऊ देत नाहीत. तो जमिनीलगत, नेमका माणसाच्या नाकातोंडाच्या उंचीवर पसरतो. पालापाचोळा जाळण्याऐवजी तोच रोपांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरला, तर ओल टिकते आणि खोकलाही वाचतो. उसाचे पाचट आणि सोयाबीनचे भुसकट या भागात मुबलक आहे. त्याचा हा उपयोग जाळण्यापेक्षा कितीतरी चांगला होय.

कोणाला थंडी हवी, कोणाला नको

बागायतदारांच्या गप्पांत एकाचे तोंड उतरलेले असते, तर दुसरा खुशीत असतो. याचे कारण पिकांच्या स्वभावात आहे. गव्हाला फुटवे फुटण्यासाठी थंडी लागते. हरभऱ्याला ती मानवते. शेंडे खुडले, की बाजूच्या फांद्या फुटतात आणि खुडलेल्या पाल्याची भाजी घरी येते. उसात थंड, कोरड्या रात्री साखर भरते आणि कारखान्यांचा उतारा वाढतो. आंब्याला मोहर येण्यासाठी रात्रीचा गारवा आवश्यक असतो. तो मिळाला नाही, तर झाड मोहराऐवजी नवी पालवी काढते. केशर आंब्याच्या बागा असलेल्यांना म्हणूनच डिसेंबरची थंडी हवीहवीशी वाटते. मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, पालक आणि मेथी ही सारी थंडीची लेकरे. शेवंतीला थंडीपेक्षाही लांब रात्र महत्त्वाची. रात्र वाढली, की तिला कळ्या धरतात.

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडीवर्गीय वेल, पपई आणि केळी या उष्ण प्रदेशातील पिकांचे मात्र हाल होतात. रात्रीचे तापमान बारा अंशांच्या खाली राहिले, तर टोमॅटोची फुले परागीकरणाअभावी गळू लागतात. मिरचीचे बी उगवायला नेहमीपेक्षा अधिक दिवस घेते. बी खराब निघाले, अशी तक्रार करण्यापूर्वी वाफ्यावर कमानी करून प्लॅस्टिकचा कागद टाकून पाहावा. दिवसा त्याची टोके उघडी ठेवावीत. द्राक्षाचे मणी गारठ्यात फुगत नाहीत आणि मण्यांत पाणी उतरत असताना तापमान एकदम घसरले, तर ते तडकतात. डाळिंबालाही दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठी तफावत आणि अनियमित पाणी मिळून तडे जातात.

अशा वेळी घाबरून नत्राचा डोस वाढविणे ही सर्वांत सामान्य चूक ठरते. थंड जमिनीत मुळांचे काम मंदावलेले असते. दिलेले खत रोपाला घेता येत नाही आणि घेतलेच, तर फुटणारी कोवळी लुसलुशीत पाने पहिल्या गारठ्याला बळी पडतात. पिवळी पडलेली बाग अनेकदा उपाशी नसते, ती फक्त थांबलेली असते. करपलेले शेंडेही लगेच छाटू नयेत. ते खालच्या डोळ्यांना आडोसा देतात. थंडी सरल्यावर छाटणी करावी.

माणसाच्या अंगातला हिवाळा

रोपाला जागा सोडता येत नाही आणि स्वतःची ऊबही फारशी निर्माण करता येत नाही. माणसाला दोन्ही येते. पण त्याची किंमत शरीर मोजते. बाहेर गारठा वाढला, की आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकविण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. रक्तदाब तसाही पहाटे जागे होण्याच्या सुमारास वाढत असतो. त्यावर थंडीची भर पडते आणि त्याच क्षणी खोरे हाती घेऊन कष्टाचे काम सुरू होते. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांचे प्रमाण हिवाळ्यात, विशेषतः सकाळच्या वेळी, वाढलेले आढळते, त्यामागे ही कारणे आहेत.

साठी ओलांडलेल्यांना हा धोका अधिक. वयानुसार थंडीची जाणीवच बोथट होते आणि कुडकुडून ऊब निर्माण करण्याची ताकदही घटते. "मला काय गारठा वाजत न्हाई," असे म्हणणारे आजोबा प्रत्येक मळ्यात असतात. त्यांना थंडी वाजत नाही, याचा अर्थ ती लागत नाही, असा नव्हे. गेली चाळीस वर्षे पाणी धरणाऱ्या शरीराचे वयही चाळीस वर्षांनी वाढलेले असते, हे घरच्यांनी लक्षात ठेवायला हवे.

ओले पाय हा दुसरा शत्रू. पाणी हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेते. दोन तास चिखलात उभे राहिलेल्या माणसाला अंगावर स्वेटर असूनही हुडहुडी भरते, ती त्यामुळे. भेगाळलेल्या टाचांतून मातीतील जंतू शिरतात. म्हणून गमबूट आणि धनुर्वाताची लस या बागायतदाराच्या हत्यारांइतक्याच आवश्यक गोष्टी आहेत. लोकरीची घोंगडी मात्र आजही उपयोगाची. लोकर ओली झाली, तरी तिच्या तंतूंत हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. सुती चादर भिजली, की उलट गार पडते.

थंडीत तहान कमी लागते आणि लघवी अधिक होते. त्यामुळे नकळत शरीरातील पाणी घटते, रक्त दाट होते. बागेला पाणी देणारा स्वतः सकाळपासून पाणी प्यालेला नसतो, हे चित्र सर्रास दिसते. गारठा घालविण्यासाठी मद्याचा घोट घेण्याची सवय तर दुहेरी घातक. मद्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर ऊब जाणवते आणि आतली उष्णता मात्र वेगाने बाहेर पडते.

आखाड्यावर रात्री दार लावून आत निखाऱ्यांची शेगडी ठेवणे हा सर्वांत गंभीर धोका आहे. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साईड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच गुंगी येऊन मृत्यू ओढवतो. देशात दर हिवाळ्यात अशा दुर्घटना घडतात. शेकोटी उघड्यावर असावी आणि झोपताना ती बाहेरच राहावी.

या हिवाळ्याचा सर्वाधिक मारा ज्यांच्यावर होतो, ते बागायतदार नव्हेत. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात पाचटाच्या खोपीत राहून पहाटेच फडात उतरणारे ऊसतोड मजूर आणि त्यांची मुले हा गारठा उघड्यावर सोसतात. त्यांच्यासाठी वरील प्रत्येक सूचना दुप्पट लागू पडते आणि पाळणे मात्र चौपट अवघड असते.

वीज रात्रीची, म्हणून पाणी रात्रीचे

दुपारी पाणी द्यावे, हे शास्त्राला मान्य असले, तरी ते बागायतदाराच्या हाती नेहमीच नसते. कृषिपंपांना थ्री-फेज वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री, अशी आळीपाळीने देण्याची पद्धत राज्यात वर्षानुवर्षे चालत आली. मध्यरात्री वीज आली, की बॅटरी घेऊन निघायचे, अंधारात ओल्या हातांनी स्टार्टर लावायचा आणि उजाडेपर्यंत दारे धरायची, हा मराठवाड्यातील अनेक कुटुंबांचा हिवाळा आहे. विजेचा धक्का, पाय घसरणे, कडब्याच्या गंजीखाली उबेला बसलेला साप, अशी धोक्यांची यादी लांबत जाते.

डिसेंबर २०२४ मध्ये त्यात आणखी एका भीतीची भर पडली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटरची वाटचाल करून आलेला वाघ येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. येडशी, येरमाळा आणि शेजारच्या बार्शी तालुक्यातील शेतकऱ्यांना त्या हिवाळ्यात रात्री शेतात जाणे नकोसे झाले. दिवसा वीज देण्याची मागणी जुनीच होती. वाघाने तिला धार आणली.

या मागणीला उत्तर म्हणून राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना सुरू केली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. उपकेंद्रांजवळ सौरप्रकल्प उभारून त्यांची वीज दिवसा कृषिवाहिन्यांना देणे, हे तिचे सूत्र आहे. स्वतंत्र सौरपंपांसाठी २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आली. ज्या शेतात सौरपंप बसला, तेथे पाण्याची वेळ आपोआप उन्हाची झाली. ठिबक असलेल्या बागांतही प्रश्न सोपा होतो. तेथे दारे धरण्यासाठी माणूस उभा राहण्याची गरज नसते. पंप सुरू झाला, की पाणी आपल्या वाटेने जाते. मोकळ्या पाण्याचा मळा मात्र अजूनही माणसाच्या पायांवर अवलंबून आहे.

आणि या सर्वांआधी पाणी असावे लागते. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या काळात या पट्ट्यातील बागायतदारांपुढे थंडीतील पाण्याच्या वेळेचा प्रश्नच नव्हता. गारठ्याची चिंता करता येणे, हेही बऱ्या वर्षाचेच लक्षण आहे.

येळवशीचे ताट

हिवाळ्याच्या या गप्पांना एक हक्काचा दिवस आहे. मार्गशीर्षातील वेळ अमावास्या, म्हणजे बोलीतील येळवस, लातूर-धाराशिव भागात मोठ्या आनंदाने साजरी होते. गावे ओस पडतात आणि शेते फुलतात. कडब्याची कोप उभी करून तेथे पूजा होते आणि पाहुण्यांच्या पंगती बसतात. अनेक भाज्या आणि हिरवे दाणे एकत्र शिजवून केलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या भांड्यातील ताकाची आंबील, हा त्या दिवसाचा थाट. सायंकाळी हेंडगा पेटवून शिवारातून फिरविला जातो.

आहाराच्या दृष्टीने पाहिले, तर हे ताट ऋतूला अगदी साजेसे आहे. मळ्यात त्या वेळी जे जे पिकते, ते ते त्यात असते. पालेभाज्या, शेंगा, कडधान्ये आणि भरडधान्ये यांचा इतका सुरेख मेळ एरवी क्वचितच जमतो. पुढे संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी येते. तीळ आणि शेंगदाणे यांतील स्निग्धांश थंडीत ऊर्जा पुरवितात. मधुमेह असणाऱ्यांनी गूळ मात्र बेतानेच घ्यावा. गूळ गावरान असला, तरी रक्तातील साखर वाढवितोच.

या दिवसाचा आणखी एक लाभ आहे. पुण्या-मुंबईला असलेली मुले त्या दिवशी शेतात येतात. वडिलांचा श्वास चालताना फुलतो का, आईच्या पायांवर सूज आहे का, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत का, हे फोनवर कळत नाही. भज्जीचे ताट घेऊन शेजारी बसल्यावर कळते. भाजीचा भाव, औंदाचा मोहर आणि दुखणारे गुडघे यांच्या गप्पांतूनच बहुधा पहिली सूचना मिळते. त्या गप्पा नीट ऐकल्या, तर पुढचे पुष्कळ टळू शकते.

हिवाळ्यात बागेसाठी

- बागेच्या सर्वांत खोलगट भागात किमान-कमाल तापमापक रोपाच्या उंचीवर लावावा आणि रोज सकाळी नोंद ठेवावी.
- थंडीचा अंदाज असल्यास आदल्या दिवशी दुपारपर्यंत हलके पाणी द्यावे. पाणी साचू देऊ नये.
- पाचट, भुसकट जाळण्याऐवजी बुंध्याशी आच्छादन करावे.
- रोपवाटिकेवर सायंकाळी कागद किंवा पोती अंथरावीत, ऊन आल्यावर काढावीत.
- नत्राचा जादा डोस आणि करपलेल्या शेंड्यांची छाटणी थंडी सरेपर्यंत टाळावी.
- वारा पडलेल्या पहाटे फवारणी करू नये. औषधाचा तुषार जमिनीलगत रेंगाळतो आणि श्वासावाटे आत जातो.

बागायतदारासाठी

- जड कामे ऊन वर आल्यावर करावीत. आधी दहा मिनिटे हातपाय हलवून अंग मोकळे करावे.
- कान, डोके आणि पाय झाकावेत. एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे घालावेत. ओले कपडे लगेच बदलावेत.
- रक्तदाब हिवाळ्याच्या तोंडाला तपासून घ्यावा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत अथवा वाढवू नयेत.
- दम्याच्या रुग्णांनी शेकोटीच्या धुरापासून दूर राहावे.
- तहान नसली, तरी थोडे थोडे कोमट पाणी पीत राहावे.
- रात्री पाणी देणे अटळच असेल, तर एकट्याने जाऊ नये. भरलेला मोबाईल सोबत ठेवावा.
- छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, थंडीतही दरदरून घाम, तोंड वाकडे होणे किंवा बोबडी वळणे, यांपैकी काहीही झाल्यास ऊन पडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.